उघडलेली रोहिणी पुन्हा का अरुंद होते?

अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांत एक शब्द चांगलाच रुळला आहे. तो म्हणजे ‘स्प्रिंग’. “अमक्याच्या हृदयात दोन स्प्रिंगा टाकल्या,” असे आपण पारावर ऐकतो, दूध घालायला गेलो की डेअरीवर ऐकतो. आंबेगाव तालुक्यातले निरगुडसरच घ्या. तिथे कुणाच्या छातीत कळ आली की त्याला आधी मंचरला नेतात आणि गरज पडली तर तिथून नाशिक रस्त्याने पुण्याला. मनगटातून किंवा मांडीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवतात, बुजलेली वाट फुग्याने उघडतात आणि ती उघडी राहावी म्हणून तिथे धातूची जाळी बसवतात. हीच आपली ‘स्प्रिंग’. डॉक्टर तिला स्टेंट म्हणतात. चार दिवसांत माणूस घरी येतो, पंधरा दिवसांत बांधावर फिरू लागतो. गावाला वाटते, सुटला बिचारा.

पण काही जणांच्या बाबतीत सहा-आठ महिन्यांनी तोच त्रास पुन्हा सुरू होतो. चढ चढताना छाती भरून येते, दम लागतो. तपासणी केली तर जिथे जाळी बसवली होती तिथेच वाट पुन्हा अरुंद झालेली असते. मग घरात आणि गावात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतो, “नळी नीट साफ केली नाही.” कुणी म्हणतो, “माल हलका घातला.” कुणी म्हणतो, “नशीब!”

या तिन्ही उत्तरांपलीकडे एक चौथे उत्तर आहे. ते समजून घेतले तर अशा रोग्याने पुढे काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे आपोआप कळते. म्हणून आज त्याचाच विचार करू.

आपल्या मनात रोहिणीचे चित्र असते ते ठिबकच्या नळीचे. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त वाहून नेणारी नळी. कुणी तिला धमनी म्हणतात. ठिबकच्या नळीत क्षार साचतात, आपण ॲसिड सोडतो, नळी मोकळी होते. काही महिन्यांनी पुन्हा क्षार साचतात. तसेच रोहिणीचे होत असेल, असे आपण धरून चालतो. पण ठिबकची नळी निर्जीव आहे. तिला चरा पडला तर ती काही करत नाही. रोहिणी जिवंत आहे. तिला जखम झाली की तिला ते कळते आणि ती जखम भरून काढू लागते. सगळी गोष्ट या एका फरकात आहे.

हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रोहिणीची आतली वाट सुमारे तीन मिलिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा थर आधाराचा. मधला थर स्नायूंच्या पेशींचा. या पेशी आवळल्या की वाट लहान होते, सैल झाल्या की मोठी होते. आणि सर्वांत आत, रक्ताला लागून, एक अस्तर असते. ते अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. सारवलेल्या जमिनीवर जसा शेवटचा हात गुळगुळीत फिरवतात, तसे ते दिसते. पण ते नुसते गुळगुळीत नसते. मधल्या थरातल्या स्नायुपेशींना ते सतत एक निरोप पाठवत असते, ‘सगळं ठीक आहे, स्वस्थ राहा.’ हा निरोप नेणारा जासूद म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक साधा वायू. त्याच्या या कामाचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता फुग्याकडे येऊ. १६ सप्टेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी जाग्या माणसाच्या हृदयाची रोहिणी पहिल्यांदा फुग्याने उघडली. त्या फुग्याचे सुरुवातीचे नमुने त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केले होते. पहिला रोगी ३८ वर्षांचा होता. दहा वर्षांनी त्याची तपासणी केली, तेव्हा ती रोहिणी उघडीच होती. पण सर्वांचे नशीब तसे नव्हते. फुग्याचे उपचार वाढत गेले तसे दिसून आले की, साधारण तीन रोग्यांमागे एकाची वाट सहा महिन्यांच्या आत पुन्हा आवळते.

असे का व्हावे? फुगा फुगतो तेव्हा तो साचलेली चरबी भिंतीत दाबतो. वाट मोठी होते ती भिंत ताणून आणि आतून थोडी फाडून. आतले नाजूक अस्तर सोलवटून निघते. म्हणजे उपचार हाच एक घाव असतो. शेत वाचवायला बांध फोडावा लागतो, त्यातलाच हा प्रकार. बांध फोडल्याचे दुःख नाही, पण नंतर काय होते ते पाहायला हवे.

ताणलेली भिंत रबरासारखी थोडी मागे येते. हे काही तासांतच घडते. पुढे काही महिन्यांत भिंतीचा व्रणही आकसतो. या दोन्हींवर जाळीचा उपाय लागू पडला. १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ येथे झाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयरोहिणीत पहिल्या जाळ्या बसवल्या. केसासारख्या बारीक तारांच्या या जाळीने भिंतीला टेका दिला. पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण घटले, पण थांबले नाही. जाळीच्या तारांमधून आतल्या बाजूला नवे मांस वाढू लागले. टेका भक्कम होता, पण भिंत जिवंत होती ना!

हे मांस कुठून येते, हे कळण्यासाठी पेशींचे निरोप कसे चालतात ते पाहू.

डिंभे धरणाच्या कालव्यांबरोबर आपल्या भागात ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही वस्तीजवळ आला. रात्री एका मळ्यात बिबट्या दिसला की काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. पहिला माणूस हाक मारतो. शेजारच्या मळ्यातला ती ऐकून पुढच्याला सांगतो. कुणी बॅटरी घेतो, कुणी काठी, कुणी डबा वाजवतो. बिबट्या एकानेच पाहिलेला असतो, पण घटकाभरात सगळा शिवार जागा होतो.

रोहिणीत अगदी असेच होते. अस्तर सोलवटले की उघड्या पडलेल्या जागेवर रक्तातल्या बारीक बिंबिका येऊन चिकटतात. रक्त थांबवायचे हे त्यांचे काम. आपल्या बोटाला विळा लागतो तेव्हा रक्त धरते ते याच बिंबिकांमुळे. पण चिकटताना त्या आपल्या पोटातली काही रसायने बाहेर सोडतात. ही पहिली हाक. १९७४ साली अमेरिकेतील सिॲटल येथे रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मोठा प्रयोग केला. रोहिणीच्या स्नायुपेशी त्यांनी काचेच्या भांड्यात वाढवल्या. बिंबिकांचा अंश असलेला रक्तद्रव घातला की पेशी भराभर वाढत. बिंबिका आधीच काढून टाकलेला द्रव घातला तर त्या जवळजवळ तशाच राहत. म्हणजे वाढीची हाक बिंबिकाच देत होत्या. त्या रसायनाला पुढे ‘बिंबिकाजन्य वृद्धिघटक’ असे नाव पडले.

ही हाक ऐकायला स्नायुपेशीला कान लागतो. पेशीच्या पृष्ठभागावर तसे कान असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ज्याच्या त्याच्या हाकेला ज्याचा त्याचा कान; भलत्याची हाक भलत्याला ऐकू येत नाही. रसायन ग्राहीवर बसले की निरोप पेशीच्या आत शिरतो. आत एकामागून एक प्रथिने उभी असतात आणि पहिले दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. जागे करण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटची एक टिकली लावते. शेतात आपण ज्याला स्फुरद म्हणतो, त्याचाच हा अंश! पिकाला स्फुरद का लागते, असे मुलांनी विचारले तर शिक्षक मित्रांनी हेही सांगावे की, सजीवांच्या पेशी आतल्या आत निरोप पुढे देताना स्फुरद वापरतात.

असा हातोहात निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. मग इतके दिवस शांतपणे आवळण्या-सैलावण्याचे काम करणारी स्नायुपेशी आपले काम बदलते. ती दुभंगून एकीच्या दोन होते. मधल्या थरातून सरकत आतल्या बाजूला येते. आपल्याभोवती चिवट धाग्यांचे जाळे विणते. जखम भरून काढायला हे सगळे आवश्यकच असते. अडचण पुढे आहे.

आंब्याच्या खोडाला नांगराचा फाळ लागून साल निघाली, तर काही महिन्यांनी त्या जागेच्या कडांवर फुगीर वळ येतात. झाड जखम भरते, आणि भरताना थोडे जास्तच भरते. झाडाचे काही बिघडत नाही, कारण ती गाठ बाहेर, मोकळ्या हवेत वाढते. रोहिणी भरते ती आतल्या बाजूला, आणि आत तर तीन मिलिमीटरांचीच वाट! अति तिथे माती म्हणतात ना, ते इथे अक्षरशः खरे होते.

गणिताच्या शिक्षकांसाठी इथे एक उदाहरण आहे. दाब तोच ठेवून नळीची रुंदी निम्मी केली, तर त्यातून जाणारा प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळावा हिस्सा उरतो. रुंदीचा चौथा घात हिशेबात येतो. शरीर आपल्या परीने काही भरपाई करते, हे खरे. तरी अर्धा-एक मिलिमीटर जास्त मांस वाढल्याने माणसाला चढावर दम का लागतो, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

तुम्ही म्हणाल, हाक मारणारे आहेत तसे ‘पुरे, आता घरी जा’ असे सांगणारे कुणी नाहीत का? आहेत. पेशीच्या आत दुभंगण्याला आवर घालणारी प्रथिने आहेत. आणि सोलवटलेले अस्तर कडेने पुन्हा वाढत आले की नायट्रिक ऑक्साइडचा ‘स्वस्थ राहा’ हा निरोपही पुन्हा सुरू होतो. बहुतेकांमध्ये हे वेळेवर घडते आणि जखम बेताने भरते. ज्यांच्यात हा थांबण्याचा निरोप क्षीण असतो किंवा उशिरा पोहोचतो, त्यांची वाट अरुंद होते. म्हणून घाण पुन्हा साचली म्हणून हे सारे झाले, असे समजू नये. पहिल्या काही महिन्यांतला हा दोष बहुधा भरून येण्याच्या अतिरेकाचा असतो.

मग हा अतिरेक थोपवायचा कसा? याचे उत्तर मातीतून आले. पहिल्या पावसाला जमिनीतून जो वास दरवळतो, तो मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या सूक्ष्म जिवाणूंमुळे येतो. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातले. १९६४ साली कॅनडातून एक वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेले. तिथल्या मातीचे नमुने माँट्रिअलला आले. त्या मातीतल्या याच कुळातल्या जिवाणूपासून मिळालेल्या एका द्रव्याची माहिती १९७५ साली प्रसिद्ध झाली. या कामात भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल अग्रभागी होते. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचे नाव रापामायसिन ठेवले. पुढे माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सेहगलांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या होत्या.

हे औषध करते काय? १९९१ साली बाझेल शहरात हाइटमन, मोव्वा आणि हॉल यांनी पावाच्या यीस्टवर प्रयोग करून ते शोधले. पेशीतल्या निरोपांच्या साखळीत एक मुख्य प्रथिन आहे. ‘अन्न आहे, हाक आली आहे, आता वाढा,’ हा हुकूम त्याच्यामार्फत सुटतो. रापामायसिन नेमके त्याला धरून ठेवते. हाक येते, कान ऐकतो, पण पुढचा हुकूम सुटत नाही. पेशी मरत नाही. ती दुभंगायची थांबते.

तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात आले की, हे औषध जाळीच्या तारांवरच लावले तर? १९९९ च्या डिसेंबरात ब्राझीलमधल्या साव पावलो शहरात डॉ. एदुआर्दो सोसा यांनी अशी औषधी जाळी माणसाच्या रोहिणीत पहिल्यांदा बसवली. २००२ साली २३८ रोग्यांवरील चाचणीचा निकाल आला. साध्या जाळीच्या गटात सहा महिन्यांत शंभरी सव्वीसहून अधिक जणांची वाट पुन्हा अरुंद झाली होती. औषधी जाळीच्या गटात एकाचीही नाही. पुढच्या मोठ्या चाचण्यांत आकडा इतका देखणा राहिला नाही, तरी पहिल्या वर्षात शंभरी दहाच्या आत तो आला. आज आपल्याकडे बसतात त्या बहुतेक जाळ्या अशाच औषधी असतात. तरीही एखाद्याची वाट पुन्हा आवळलीच, तर औषध लावलेल्या फुग्याने किंवा दुसऱ्या जाळीने ती उघडता येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती कृपा करून नीट ऐका.

औषध स्नायुपेशींना थांबवते, तसे ते अस्तराच्या पेशींनाही थोडे थांबवते. त्यामुळे जाळीच्या तारांवर अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर धातू रक्तात उघडा राहतो, आणि उघड्या धातूवर बिंबिका जमू शकतात. त्या जमून गुठळी झाली तर वाट काही मिनिटांत पूर्ण बंद होते. २००६ च्या सुमारास या धोक्याची जगभर चर्चा झाली. वाट हळूहळू अरुंद होणे वेगळे आणि गुठळीने एकाएकी बंद होणे वेगळे. पहिल्यात माणसाला तपासणीला सवड मिळते. दुसऱ्यात प्राणावर बेतते.

ही गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तशीच दुसरी गोळी देतात. लोक यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात. खरे तर रक्त पातळ होत नाही. बिंबिकांचे एकमेकींना चिकटणे कमी होते. म्हणजे पहिली हाक मारणाऱ्यांनाच या गोळ्या शांत ठेवतात. जोडगोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. रोग्याप्रमाणे ही मुदत कमीजास्त होते. ॲस्पिरिन बहुधा पुढेही चालू राहते.

आणि घरोघर होते काय? बरे वाटले की गोळ्या बंद. कांदे काढणीच्या गडबडीत औषध आणायला जमले नाही म्हणून बंद. उपास आहे, उपाशीपोटी जळजळते, म्हणून बंद. दात काढायचा आहे, कुणीतरी सांगितले म्हणून बंद. आळंदी-पंढरीला निघालो, पिशवी घरी राहिली, म्हणून बंद. ज्याला खूप बरे वाटते तोच गोळ्या लवकर सोडतो. पण बरे वाटणे ही अस्तर चढल्याची खूण नव्हे. पोटात जळजळ होत असेल, दात काढायचा असेल, दुसरी शस्त्रक्रिया ठरली असेल, शौचाला काळे होत असेल किंवा कुठून रक्त जात असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा. ते सांगतील तसेच करा. मनाने एक दिवसही सोडू नका.

पुन्हा अरुंद होण्याचा धोका मधुमेह असणाऱ्यांना अधिक असतो. साखर वाढलेली राहिली की अस्तर दुबळे होते आणि ‘स्वस्थ राहा’ हा निरोप मंदावतो. “आम्ही शेतकरी, हाडकुळी माणसं, आम्हाला कुठली साखर?” असे म्हणू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. बाळे वजनाने लहान आणि स्नायूंनी कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. वरून बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे मिळतो. म्हणून जाळी बसवलेल्याने साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासून घ्यावे. विडी, तंबाखू आणि मिश्री सोडावी. तंबाखू अस्तराला इजा करते, आणि एकदा जखमी झालेल्या रोहिणीला नवी इजा परवडत नाही.

खर्चाविषयी दोन शब्द. एके काळी औषधी जाळीची किंमत लाखाच्या वर जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर मर्यादा घातली. औषधी जाळी २९,६०० रुपये आणि साधी जाळी ७,२६० रुपये. पुढे हे आकडे वेळोवेळी बदलत गेले. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात गेल्यावर तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. बरोबर रेशनकार्ड आणि आधार कार्ड न्यायला विसरू नका. घरी येताना मिळालेला कागद जपून ठेवा. कोणती जाळी, कुठे, कोणत्या तारखेला, हे त्यावर लिहिलेले असते, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते लागते.

चालताना पूर्वीसारखीच छाती भरून येऊ लागली, दम लागू लागला, तर आठवड्याच्या आत तपासून घ्या. मधुमेही माणसाला कळ जाणवेलच असे नाही. नुसता थकवा आणि दम हीही खूण धरा. आणि बसल्या जागी छातीत घट्ट कळ आली, घाम सुटला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

शिक्षक मित्रांनी पुढच्या तासाला मुलांना शाळेजवळच्या एखाद्या जुन्या झाडाकडे न्यावे. सालीवरची जुनी जखम आणि तिच्या कडेचे वळ दाखवावेत. झाड जखम कशी भरते, ते मुले बोटांनी चाचपून पाहतील. मग रोहिणीची गोष्ट सांगावी. त्या मुलांपैकी कुणाच्या तरी घरी फळीवर आजोबांच्या गोळ्यांची पिशवी असेल. त्या मुलाने घरी जाऊन एवढेच विचारावे, “आजोबा, आजची गोळी घेतली का?”